मेकफाइलमधला -ओ२ काही केल्या हटत नाही

ऊसपट्टा

नमस्कार मंडळी. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर चालणाऱ्या एका जुन्या सी प्रोग्रॅमची देखभाल माझ्याकडे आहे. काट्याचा इंडिकेटर आरएस-२३२ केबलवरून सतत वजन पाठवत असतो. प्रोग्रॅम ते वाचतो, भरलेल्या गाडीतून रिकाम्या गाडीचं वजन वजा करतो आणि पावती छापतो. जुना पीसी बंद पडला म्हणून नव्या पीसीवर उबुंटू टाकलं आणि सोर्सवरून पुन्हा बिल्ड केलं. तेव्हापासून प्रोग्रॅम दिवसातून ३-४ वेळा अडकतो. सीपीयू १०० टक्के, पावती नाही, आणि गेटपर्यंत ट्रॅक्टरची रांग. ऊस तोडून दोन दिवस झालेला शेतकरी रात्री दोन वाजता थंडीत उभा असतो, हे बघवत नाही.

जीडीबी (चालू प्रोग्रॅमच्या आत बघायचं साधन) लावला तर निम्म्या चलांपुढे 'ऑप्टिमाइज्ड आउट' दिसतं. म्हणून ऑप्टिमायझेशन बंद करून, म्हणजे -ओ० देऊन (आधी अक्षर ओ, मग आकडा शून्य), बिल्ड करायचं ठरवलं. मेक हे साधन मेकफाइलमधल्या सूचना वाचून बिल्ड करतं आणि कंपायलरचे पर्याय सीफ्लॅग्स या चलात असतात (-जी म्हणजे डिबगची माहिती). तो चल दोन प्रकारे देऊन पाहिला.

सीफ्लॅग्स="-ओ० -जी" मेक

यात काहीच बदललं नाही, कंपायलच्या ओळीत -ओ२च, म्हणजे ऑप्टिमायझेशन चालूच.

मेक सीफ्लॅग्स="-ओ० -जी"

यात बिल्डच मोडलं, 'काटा.एच' फाइल सापडत नाही म्हणे.

मला दोन्ही आज्ञा एकच वाटत होत्या. कुणी समजावून सांगेल का?

सावकाश

दिसायला सारख्या आहेत, पण मेकच्या दृष्टीने त्यांच्यात फार अंतर आहे.

पहिल्या आज्ञेत तुम्ही सीफ्लॅग्स शेलच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये ठेवलात. मेक तो उचलतो खरा, पण मेकफाइलमध्ये 'सीफ्लॅग्स = काहीतरी' अशी ओळ आली की तुमची किंमत पुसली जाते. दुसऱ्या आज्ञेत चल मेकच्याच आज्ञेत दिलात. तिथे उलट होतं: मेकफाइलमधली त्या चलाची प्रत्येक ओळ, = असो की +=, दुर्लक्षिली जाते. म्हणजे सगळ्यात खाली एन्व्हायर्नमेंट, त्यावर मेकफाइल, त्यावर आज्ञेतली किंमत, आणि सगळ्यांच्या वर मेकफाइलमध्ये 'ओव्हरराइड' हा शब्द लावून लिहिलेली ओळ. मेक -ई दिलं तर एन्व्हायर्नमेंट मेकफाइलच्या वर चढतं, पण ते टाळा. नको ते चलही आत शिरतात.

तुमचं बिल्ड मोडलं याचा अर्थ मेकफाइलच्या लेखकाने हेडरचा रस्ताही सीफ्लॅग्समध्येच कोंबलाय. मेकफाइलच्या वरच्या ओळी इथे डकवा.

ऊसपट्टा

अगदी बरोबर ओळखलंत. या बघा:

सीफ्लॅग्स = -ओ२ -डब्ल्यूऑल
सीफ्लॅग्स += -आय इन्क्लूड -डी पोर्ट_लिनक्स

खाली सिरीयल आणि पावती अशी दोन उपफोल्डर आहेत, त्यांना आपापली मेकफाइल आहे.

सावकाश

इथेच घोळ आहे. वरच्या ओळीत आवड आहे आणि खालच्या ओळीत गरज. -ओ२ नसलं तरी प्रोग्रॅम बनतो. '-आय इन्क्लूड' नसलं तर बनतच नाही. हे दोन्ही एका चलात राहायला नको होते. जीएनयू प्रकल्पाचे कोडिंग नियम हेच सांगतात: ज्या पर्यायांशिवाय फाइल नीट कंपाइल होणार नाही ते सीफ्लॅग्समध्ये ठेवू नका, कारण सीफ्लॅग्स हा बिल्ड करणाऱ्याचा चल आहे. आणि कंपायलच्या ओळीत तो सगळ्यांच्या शेवटी ठेवा. मेकफाइल बनवून देणारा ऑटोमेक हे आपोआप पाळतो. लेखकाचे फ्लॅग एएम_सीफ्लॅग्समध्ये, वापरणाऱ्याचे सीफ्लॅग्समध्ये, आणि वापरणाऱ्याचे नंतर.

नंतर का, तर जीसीसी या कंपायलरला एकाच ओळीत -ओ२ आणि -ओ० दोन्ही मिळाले तर जो शेवटी येईल तो धरला जातो. -मार्चचंही (कोणत्या प्रोसेसरसाठी कोड बनवायचा ते) तसंच. -डी आणि -यू (मॅक्रो ठरवणं आणि काढणं) दिल्या क्रमाने लागू होतात. पण हा नियम डोळे झाकून सगळीकडे लावू नका. '-आय'चे फोल्डर डावीकडून शोधले जातात, तिथे जो पहिला त्याची फाइल उचलली जाते. आणि इशाऱ्यांमध्ये नेमका पर्याय ढोबळ पर्यायाला भारी पडतो: आधी एखादा विशिष्ट इशारा बंद केला आणि मागाहून नेहमीचे इशारे एकदम चालू करणारं -डब्ल्यूऑल आलं, तरी तो इशारा बंदच राहतो.

तुमची मेकफाइल अशी करा:

काटा_फ्लॅग्स = -आय इन्क्लूड -डी पोर्ट_लिनक्स
सीफ्लॅग्स ?= -ओ२ -डब्ल्यूऑल

आणि नियमात $(काटा_फ्लॅग्स) आधी, $(सीफ्लॅग्स) शेवटी. प्रश्नचिन्हवाल्या ओळीचा अर्थ 'आधी कुणी दिलं नसेल तरच हे धर'. म्हणजे तुमच्या दोन्ही आज्ञा चालतील. (हीच युक्ती सीसी या चलावर, म्हणजे कोणता कंपायलर वापरायचा ते सांगणाऱ्या चलावर, चालत नाही. त्याची किंमत मेकने आधीच 'सीसी' (लहान अक्षरांत) अशी ठरवलेली असते, म्हणून ?= ला वाटतं की ती कुणीतरी दिली आहे. यात मी स्वतः एक अख्खी दुपार घालवली आहे.)

पाणवठा

मेकफाइलला हात लावायची परवानगीच नसेल तर? आमच्याकडे ग्राहकाचा सोर्स जसाच्या तसा ठेवावा लागतो. मी सीसी="जीसीसी -ओ०" देऊन पाहिलं, उपयोग झाला नाही.

सावकाश

होणार नाही. सीसी ओळीच्या सुरुवातीला येतो, त्यामुळे तुमचा -ओ० आधी आणि मेकफाइलचा -ओ२ नंतर. दोन ओळींची शेल स्क्रिप्ट लिहा, जी मिळालेले सगळे पर्याय जसेच्या तसे जीसीसीला देते आणि शेवटी आपला -ओ० जोडते. सीसीमध्ये त्या स्क्रिप्टचा पत्ता द्या. सोर्सला धक्का लागत नाही.

जीसीसीऐवजी क्लँग हा कंपायलर वापरत असाल तर स्क्रिप्टही नको. सीसीसी_ओव्हरराइड_ऑप्शन्स नावाचा एन्व्हायर्नमेंट चल क्लँग स्वतः वाचतो. त्यात पर्याय जोडता येतो, काढता येतो, बदलताही येतो. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरला सीएल आणि _सीएल_ असे दोन चल कळतात. पहिल्यातले पर्याय ओळीच्या आधी लागतात, दुसऱ्यातले शेवटी. तुम्हाला दुसरा हवा.

दिवेलागण

सीमेकवाल्यांसाठी (मेकफाइल बनवून देणारं आणखी एक साधन) लिहून ठेवते, कारण तिथली गंमत वेगळी आहे आणि नवीन मुलं दर वर्षी तिथेच अडकतात.

सीमेक सीफ्लॅग्स फक्त पहिल्या कॉन्फिगरला वाचतो आणि कॅश फाइलमध्ये लिहून ठेवतो. नंतर एन्व्हायर्नमेंट कितीही बदला, तो बघतही नाही. एकतर बिल्ड फोल्डर नवा करा, नाहीतर -डी देऊन सीमेक_सी_फ्लॅग्स स्पष्ट सांगा.

आणि एवढं करूनही रिलीज बिल्डमध्ये -ओ२ चालत नाही! कारण रिलीजचे स्वतःचे फ्लॅग '-ओ३ -डी एनडीबग' आहेत आणि ते सीमेक_सी_फ्लॅग्सच्या नंतर लागतात. बदलायचा तो चल म्हणजे सीमेक_सी_फ्लॅग्स_रिलीज. त्याच्याही नंतर टार्गेटवर लावलेले पर्याय येतात. लेखकाने तिथे -ओ३ लिहिला असेल तर बाहेरून जाणाऱ्या चलांनी तो हटत नाही, वरची स्क्रिप्टच कामाला येते. म्हणून प्रकल्प लिहिणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती: टार्गेटवर ऑप्टिमायझेशन लिहू नका.

इशाऱ्यालाच चूक धरून बिल्ड थांबवणाऱ्या -डब्ल्यूएररचंही तेच. आज एकही इशारा नसलेला कोड उद्याच्या जीसीसीवर इशारे देतो, आणि दोन वर्षांनी तुमचा प्रकल्प उतरवणाऱ्या माणसाचं बिल्ड विनाकारण बंद पडतं. सीमेक ३.२४ पासून यासाठी वेगळा चल आहे, आणि तो बाहेरून बंद करायची सोयही. तो वापरा.

ऊसपट्टा

सावकाश सर, तुम्ही सांगितल्याप्रमाणे मेकफाइल सुधारली. मेक सीफ्लॅग्स="-ओ० -जी" आता न मोडता चालतं. पण एक गोष्ट कळेना. आज्ञा दिल्यावर मेक म्हणालं, करण्यासारखं काही नाही. प्रोग्रॅमही तसाच अडकला.

सावकाश

मेक क्लीन केलंत का? मेक फक्त फाइलींच्या वेळा बघतो. फ्लॅग बदलले हे त्याला कळत नाही. जुन्या ऑब्जेक्ट फाइली (आधी कंपाइल झालेले तुकडे) ताज्या दिसल्या की तो त्याच वापरतो. सीमेकला आणि लिनक्स कर्नलच्या बिल्डला हे कळतं, साध्या मेकफाइलला नाही.

मृदगंध

आणि क्लीन केल्यावर ऑब्जेक्ट फाइललाच विचारा की तुला कोणत्या फ्लॅगने बनवलं. -जी लावून कंपाइल केलं असेल तर जीसीसी डिबग माहितीत आपले पर्याय लिहून ठेवतो. रीडएल्फ या साधनाने डिबगचा इन्फो भाग काढा आणि त्यात 'प्रोड्यूसर' शोधा. एकेका फाइलपुढे जीसीसीची आवृत्ती आणि फ्लॅग दिसतील.

मी डेबियनची पॅकेजेस सांभाळायला मदत करते, म्हणून हा विषय जिव्हाळ्याचा आहे. डेबियनमध्ये हजारो पॅकेजांना सुरक्षेचे फ्लॅग एकाच ठिकाणहून दिले जातात: स्टॅक प्रोटेक्टर, फोर्टिफाय सोर्स वगैरे. ही सगळी व्यवस्था एका विश्वासावर उभी आहे की प्रकल्प सीफ्लॅग्सचा मान ठेवेल. एखाद्या मेकफाइलमध्ये 'सीफ्लॅग्स = -ओ३' एवढी एक ओळ असली की सीफ्लॅग्समधून येणारं संरक्षण गळून पडतं. बिल्ड यशस्वी होतं, चाचण्या पास होतात, कुणालाच कळत नाही. ते पकडायला बिल्डचा लॉग चाळणारं बीएलएचसी नावाचं वेगळं साधन ठेवावं लागलं आहे. लेखकाला वाटतं आपण वेग दिला. प्रत्यक्षात वापरणाऱ्याच्या घराची कडी काढलेली असते.

ऊसपट्टा, एक सूचना: -ओ० सोबत फोर्टिफाय सोर्स चालत नाही, त्याला ऑप्टिमायझेशन लागतं. तुमच्या उपफोल्डरात कुठे ते -डीने दिलं असेल तर ग्लिबसी (सीची मूळ लायब्ररी) इशारा देईल. घाबरू नका, डिबगपुरतं -यूने काढून टाका.

ऊसपट्टा

मृदगंध ताई, प्रोड्यूसर बघितला आणि अंगावर काटा आला. सगळ्या फाइली -ओ० आहेत, फक्त सिरीयल फोल्डरमधल्या दोन फाइलींपुढे '-जी -ओ० -ओ२' असं लिहिलंय! म्हणजे दोन्ही आहेत आणि शेवटचा -ओ२. त्या फोल्डरची मेकफाइल उघडली:

ओव्हरराइड सीफ्लॅग्स += -ओ२

वर टिप्पणी आहे: 'हे काढू नये.' का काढू नये ते लिहिलेलं नाही. लिहिणारे आता कारखान्यात नाहीत.

सावकाश

सापडलं. वरच्या मेकला दिलेली किंमत आतल्या मेककडे आपोआप जाते, पण ओव्हरराइड तिच्याही वर. आणि += असल्यामुळे तो मागून येऊन चिकटला. तात्पुरती ती ओळ बंद करून बघा.

खडूफळा

इथे मला थोडी लेखकाची बाजू मांडू द्या. मी एक छोटी गणिती लायब्ररी सांभाळतो. एकाने ती -एफफास्ट-मॅथ (वेगासाठी गणिताचे नियम सैल करणारा फ्लॅग) लावून बिल्ड केली आणि 'उत्तरं चुकतात' म्हणून तक्रार नोंदवली. मी दोन दिवस आपला कोड उलटापालटा केला. त्या फ्लॅगमुळे जीसीसी धरून चालतो की नॅन ('ही संख्याच नाही' असं सांगणारी किंमत) आणि अनंत या किंमती येणारच नाहीत, मग माझ्या सगळ्या 'इझनॅन' तपासण्या त्याने काढून टाकल्या होत्या. त्यानंतर मीही माझे फ्लॅग ओव्हरराइडने घट्ट बांधले. ज्याने कधी अशी तक्रार निस्तरली नाही त्याला हा हट्ट वाटेल, पण त्यामागे दुखणं असतं.

मृदगंध

दुखणं खरं आहे सर, पण उपाय चुकीच्या जागी लागला. आजार म्हशीला आणि औषध पखालीला. तुमचा कोड एका फ्लॅगखाली मोडतो, तर तेवढंच सांगा आणि मोठ्याने सांगा. जीसीसी आणि क्लँग दोन्ही __फायनाइट_मॅथ_ओन्ली__ हा मॅक्रो देतात. तो १ असेल तर हेडरमध्येच #एरर टाकून थांबवा: 'ही लायब्ररी या फ्लॅगखाली बरोबर चालणार नाही.' वापरणाऱ्याला कारण कळतं, तुमचे दोन दिवस वाचतात, आणि बाकीचे फ्लॅग त्याचे त्याच्याकडे राहतात.

ज्या फ्लॅगवर कोडची शुद्धताच अवलंबून आहे ते जरूर बांधा. लिनक्स कर्नल स्वतः -एफनो-स्ट्रिक्ट-अलायसिंग लावतो, कारण त्याचा कोड तसाच लिहिलेला आहे. त्याच वेळी कर्नल बाहेरच्या माणसाला केसीफ्लॅग्स नावाचा वेगळा दरवाजाही ठेवतो.

शिवाय फास्ट-मॅथचा त्रास एका लायब्ररीपुरता राहत नसे. जीसीसी १३ च्या आधी या फ्लॅगने शेअर्ड लायब्ररी लिंक केली, की ती लोड होताच अख्ख्या प्रोसेसचा फ्लोटिंग पॉइंटचा स्वभाव बदलायचा. फार लहान संख्या सरळ शून्य व्हायच्या, ज्यांनी तो फ्लॅग कधी लावलाच नव्हता त्यांच्याही.

खडूफळा

मॅक्रोचा मार्ग मला सुचला नव्हता. पटलं. पुढच्या आवृत्तीत ओव्हरराइड काढतो आणि #एरर घालतो.

हिमवाट

मीही एक भर घालतो. आमच्या प्रयोगशाळेच्या क्लस्टरवर एका वरिष्ठाने लायब्ररीच्या मेकफाइलमध्ये -मार्च=नेटिव्ह लिहून ठेवला होता. लॉगिन नोड नवा, एव्हीएक्स-५१२ हा प्रोसेसरच्या सूचनांचा संच असलेला; मागच्या रांगेतले कॉम्प्युट नोड जुने. बिल्ड लॉगिन नोडवर व्हायचं आणि जॉब जुन्या नोडवर पडला की 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' म्हणून मरायचा. नव्या नोडवर पडला तर चालायचा. माझ्या प्रबंधाचे तीन आठवडे यात गेले, आणि सगळा वेळ मी चूक माझ्या कोडमध्येच शोधत होतो. 'नेटिव्ह' म्हणजे जिथे कंपाइल होतंय ते यंत्र, जिथे चालणार आहे ते नव्हे. हे ठरवायचा हक्क मेकफाइल लिहिणाऱ्याचा असूच शकत नाही, त्याने ते यंत्र पाहिलेलंच नसतं.

ऊसपट्टा

दोन दिवसांनी लिहितोय. ओव्हरराइडची ओळ बंद करून सगळं -ओ० केलं, आणि प्रोग्रॅम एकदाही अडकला नाही. दोन रात्री फोन नाही. आता वाटतंय की हेच राहू द्यावं. वजन वाचायला -ओ२चा वेग लागतो कुठे?

खडूफळा

राहू देऊ नका. -ओ०ने दोष गेलेला नाही, झाकला गेलाय. जुन्या पीसीवर कुणीतरी हाताने, बिनफ्लॅगचं कंपाइल केलेलं असणार, म्हणून इतकी वर्षं दिसला नाही. उद्या कुणी पुन्हा -ओ२ने बिल्ड केलं की ऐन हंगामात हेच.

फाइल-फाइल करून शोधा. सगळं -ओ२ ठेवा आणि सिरीयलमधल्या दोनपैकी एकच फाइल -ओ०. ज्या फाइलने अडकणं थांबतं, ती धरा. मग त्या फाइलीत एकेका फंक्शनवर जीसीसीचा ऑप्टिमाइझ अॅट्रिब्यूट लावून आणखी जवळ जाता येतं. तो अॅट्रिब्यूट फक्त शोधापुरता. कायमच्या कोडमध्ये ठेवायचा नाही, हे जीसीसीच्या माहितीपुस्तिकेतच म्हटलंय.

ऊसपट्टा

फाइल सापडली, फंक्शनही. ओळ ही:

व्हाइल (हेड == टेल && !वेळ_संपली) ;

इंडिकेटरकडून बाइट आला की सिग्नल हँडलर 'हेड' पुढे सरकवतो. ५ सेकंदांत काही आलं नाही तर अलार्मचा हँडलर 'वेळ_संपली' १ करतो. अडकलेल्या -ओ२ प्रोग्रॅमला जीडीबी जोडला तर 'वेळ_संपली' चक्क १ दिसतो, तरी लूप फिरतोच आहे!

खडूफळा

आता ऑब्जडंपने त्या फंक्शनचं असेंब्ली बघा. स्वतःवरच उडी मारणारा दोन बाइटचा जंप दिसेल: ईबी एफई.

ऊसपट्टा

अगदी तोच आहे. ईबी एफई. त्या ठिकाणाहून त्याच ठिकाणी.

खडूफळा

लूपच्या आत एकही फंक्शन बोलावलेलं नाही, म्हणून कंपायलर म्हणतो: इथे हे चल बदलणारं कुणीच नाही, मग ते मेमरीतून पुन्हा-पुन्हा कशाला वाचू? एकदाच वाचतो. लूपपाशी पोचताना बाइट आधीच आलेला असेल तर पुढे जातो; नसेल तर कायमचा तिथेच. इंडिकेटर सतत पाठवतो म्हणून बहुतेक वेळा सुटका व्हायची आणि दिवसातून ३-४ वेळाच गाठ पडायची. कंपायलर नियमाने वागलाय. हे चल हँडलर बदलतो ही गोष्ट कोडने त्याला सांगितलीच नाही.

हेड आणि वेळ_संपली दोन्ही 'व्होलाटाइल सिग_अॅटॉमिक_टी' करा, बफरलाही व्होलाटाइल लावा, म्हणजे कंपायलर ते दर वेळी मेमरीतून वाचेल. हंगाम संपला की हा रिकामा लूप काढून तिथे पोल (बाइट येईपर्यंत प्रोग्रॅमला झोपवणारं फंक्शन) वापरा, म्हणजे वाट बघतानाही सीपीयू शांत राहील.

ऊसपट्टा

बदल केले. -ओ२नेच बिल्ड केलं, प्रोड्यूसर तपासला, असेंब्लीत ईबी एफई नाही. काल रात्री ११ पासून सकाळी ७ पर्यंत स्वतः काट्यावर बसून होतो. एकदा मुद्दाम इंडिकेटरची केबल काढली: ५ सेकंदांनी 'वजन आले नाही' असा संदेश आला आणि केबल लावल्यावर पुढची पावती छापली गेली. हे याआधी मी कधी पाहिलंच नव्हतं.

सावकाश

छान काम केलंत. त्या ओव्हरराइडच्या ओळीचं काय केलं?

ऊसपट्टा

काढली. सिरीयलच्या मेकफाइलमध्ये आता गरजेचे फ्लॅग वेगळ्या चलात आहेत आणि सीफ्लॅग्स ओळीच्या शेवटी आहे. वर टिप्पणी लिहिलीय: 'सीफ्लॅग्स बिल्ड करणाऱ्याचा. -ओ० आणि -ओ२ दोन्हींवर काट्यावर तपासलं आहे. केबल काढून बघण्याची चाचणीही करावी.' खाली तारीख आणि माझा फोन नंबर.